डावा पट्टा

"आई, तिसरी सुई," दमू म्हणाली आणि मोडलेलं टोक तिनं माझ्या तळहातावर ठेवलं. "आता घरात एकही उरली नाही."

"मशीन रुसलीय," मी म्हटलं. "वीस वर्षं तिच्या डोक्यावर घागर ठेवली, आणि आज एकदम ताडपत्री शिवायला लावलीस."

"हसू नको. पट्टा धर."

मी पट्टा धरला. पट्टा म्हणजे नवार, खाटेची. घरातली मोडकी खाट सोडवून दमूनं ती काढली होती, सोड्यात उकळून धुतली होती, दोन दिवस गच्चीवर वाळवली होती. त्या नवारीच्या दोन घड्या, खाली ताडपत्रीच्या दोन घड्या, आणि माझी माहेरची हातमशीन. तिनं जन्मात झबल्या-पोलक्यांपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. दर चार टाक्यांना ती खाकरायची आणि थांबायची.

"माझ्या मावशीनं," मी म्हटलं, "एकदा अख्ख्या विहिरीला झाकण शिवलं होतं. दोन म्हशी वरून चालत गेल्या तरी एक टाका—"

"मागच्या वेळी एकच म्हैस होती."

"ती गाभण होती. म्हणून दोन."

दमूनं नाकातून हसल्यासारखं केलं आणि सॅक उलटी केली. उलटी केली आणि तशीच बसली. खांद्याचे दोन्ही पट्टे पिशवीच्या आत गेले होते. बाहेरून नुसतं गुळगुळीत पोतं. चार दिवसांची मेहनत!

"आत बसून न्यायची असेल ही," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं मी ब्लेड घेऊन उसवायला लागले. उसवणं मला येत होतं. मशीन नाही, पण हातशिवण आणि उसवणं, यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. मी लोकांच्या गोधड्या शिवायचे.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. नाशकात भद्रकालीच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. मी बेचाळीसची, दमू वीसची, आणि हे जाऊन पंधरा वर्षं झालेली. हे लाइनमन होते. विजेच्या माणसाची पोरगी म्हणून यांनी हट्टानं नाव ठेवलं दामिनी. आम्ही त्याचं दमू केलं. नाव दमू, पण दमायची नाही कधी.

कॉलेजात गेल्यापासून ती डोंगर चढायची. त्या वर्षी मुलींची मोहीम निघणार होती, हिमालयात. शिखराचं नाव मला तेव्हाही नीट उच्चारता आलं नाही. आठ मुली निवडल्या होत्या, त्यातल्या सहाच जाणार. नेणाऱ्या होत्या शालूताई थेटे, शाळेत पीटी शिकवायच्या, आवाज असा की रस्त्यावरची कुत्री ओळीत उभी राहायची. त्यांनी प्रत्येकीला सामानाची यादी दिली होती. त्यात पहिलीच वस्तू, पाठीवरची मोठी सॅक. तशी सॅक नाशकात दुकानात मिळायची नाही. ज्यांचे काका-मामा परदेशात, त्यांना यायची. बाकीच्यांनी घरीच शिवायची. मार्चच्या शेवटच्या रविवारी शालूताई रामशेज गडाच्या पायथ्याशी सगळ्यांच्या सॅका तपासणार होत्या आणि त्यात जी नापास, तिचं नाव कटणार होतं.

दमूला जायचं होतं. इतकं जायचं होतं की झोपेत तिची बोटं हलायची, दगड पकडल्यासारखी.

*

सुयांसाठी आम्ही जमीलभाईंकडे गेलो. त्यांचं सीट कव्हरचं दुकान द्वारका चौकाजवळ. ट्रकच्या गाद्या, टपाच्या ताडपत्र्या, सगळं शिवायचे. दाढी पांढरी, बोटं काळी, चष्म्याला दोरी बांधलेली.

त्यांनी दमूची सॅक उलटीसुलटी करून पाहिली.

"बेटी, ही टीप तू मारलीस?"

"हो चाचा."

"आणि दारू कोण प्यालं, तू का मशीन?"

दमू खळखळून हसली. जमीलभाईंनी तिला जाड सुई दिली, नायलॉनचा दोरा दिला, आणि खडूनं पट्ट्याच्या टोकावर एक चौकोन काढला, त्यात फुली.

"चौकट-फुली. अशी शिलाई मार. आधी चारी बाजूंनी, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. दांडा फिरवू नको, चाक हातानं फिरव. एक-एक टाका मोजून. वजन पट्ट्यावर नसतं बेटी, या फुलीवर असतं. मी शिवून देऊ?"

"नको चाचा. ताई म्हणाल्यात, ज्याची त्यानं शिवायची. तिकडे फाटलं तर दुरुस्त कोण करणार?"

"बरोबर बोलली तुझी ताई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, तुम्ही तिच्याजवळ बसू नका. तुमच्या गोष्टी ऐकून टाका वाकडा जातो."

पुढचे आठ दिवस दमूनं चौकट-फुल्या मारल्या. आधी चिंध्यांवर, मग खऱ्या पट्ट्यांवर. ती टाके मोजायची, मी डाळ निवडायचे.

"दमे," मी एकदा विचारलं, "एवढं वर काय आहे गं?"

तिनं चाक थांबवलं. "तूच सांगितलं होतंस ना, बाबा आहेत म्हणून."

माझ्या हातातलं सूप तिरकं झालं.

आता हे सांगायला पाहिजे. हे खांबावरून पडले तेव्हा दमू पाच वर्षांची होती. वस्तीतली माणसं यांना घेऊन आली, दारात ठेवलं, तेव्हा मी तिला शेजारी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती विचारायला लागली, बाबा कुठे. मी सांगितलं, बाबा एका खांबावर चढले. तो खांब इतका उंच होता की चढता चढता ते ढगात गेले. वर चांदण्यांचे बरेच दिवे बंद पडलेत, तेवढे जोडतील आणि येतील. रोज थोडी भर घालायचे. आज बाबांनी ध्रुवाचा फ्यूज बदलला. आज त्यांची पकड खाली पडली ती समुद्रात. पोरगी जेवायची, झोपायची. आणि मग चढायला लागली. चिंचेवर, गच्चीच्या कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर. टाकीवरून तिला खाली उतरवायला चार माणसं लागली होती. ती थाप नाही, खरंच चार लागली.

"बाबा पडले ते मला चौथीतच कळलं," दमू म्हणाली. "वर्गातल्या एका पोरीनं सांगितलं. पण मी तुला बोलले नाही. तू सांगितलेलंच बरं होतं."

"मग आता कशाला जातेस?"

"त्यांना रोज जे दिसायचं ते बघायला. आणि..." तिनं आपले हात पुढे धरले. बोटांना सुईची टोकं लागून लागून बारीक काळे ठिपके पडले होते. "मला हे येतं गं आई. दुसरं काही मला एवढं येत नाही. डोंगरावर माझे हात आपोआप बरोबर जागी जातात."

मीच तर गल्लीभर सांगून बसले होते की माझी पोरगी दुधाच्या किटलीत बर्फ घेऊन येणार आहे, ज्याला पाहिजे त्यानं वाटी तयार ठेवा.

सॅक पुरी झाली त्या सोमवारी आम्ही ती जमीलभाईंना दाखवली. त्यांनी ती छताच्या हुकाला टांगली, दोन्ही पट्टे धरले आणि पाय वर घेऊन चक्क लोंबकळले. साठीचा माणूस! हुक कुरकुरला, सॅक नाही.

"शाबास," खाली उतरून ते म्हणाले. "तीस वर्षांत माझ्या हाताखाली इतके जण शिकून गेले. पहिल्या कामाला अशी शिलाई कुणाची नव्हती. यात तू मला बसवून ने."

दमू घरापर्यंत चालत गेली, सॅक पाठीला लावून, रिकामीच, पण छाती पुढे काढून.

*

मंगळवारी दुपारी ती कॉलेजात होती, प्रॅक्टिकलला. मी भात उपसून बाहेरच्या खोलीत आले. सॅक दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली. पट्टे खाली सुटलेले. पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते.

त्याच खिळ्याला यांचा कामाचा, खांबाला बांधून घ्यायचा पट्टा असायचा. शेवटच्या दिवशी तो खिळ्यालाच राहिला होता. "पाच मिनिटांचं काम आहे, आत्ता येतो," म्हणून गेले. मला तो दिसला होता. हाक मारावी असं मनात आलंही होतं, पण हाताला कणीक होती. म्हटलं, येतीलच.

पंधरा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सॅक खाली काढली. ब्लेड घेतलं. डाव्या पट्ट्याचं वरचं टोक, जिथं तो पाठीला जोडलेला असतो, तिथली चौकट आणि फुली मी टाक्या-टाक्यानं उसवली. दमूची टीप अशी पक्की होती की माझी दोन बोटं कापली. मग साधा सुती दोरा घेतला, तिच्याच भोकांतून सुई घातली आणि धावदोरा घातला. जाताना एक, येताना एक, म्हणजे मधे जागा दिसत नाही, मशीनच्या टिपेसारखंच दिसतं. सगळे टाके वरच्या वर. खाली ताडपत्रीला धरलेले फक्त चार. लग्नातल्या साडीला फॉल लावताना आधी कच्चा टाका घालतो ना, ओढला की निघून यायला? तसा.

असा कच्चा टाका नाशकात दुसरं कुणी घालू शकलं नसतं. मी तो लांब धरून बघितला आणि मला स्वतःलाच ओळखू येईना.

माझा हिशोब सरळ होता. शालूताई सॅकेत दगड भरणार, गडाच्या पायथ्याच्या झाडाला टांगणार, तसं त्यांनीच दमूला सांगितलं होतं. पट्टा निघेल. सॅक धपकन खाली पडेल, जमिनीवर. नाव कटेल. पोरगी दोन दिवस रडेल, चार दिवस जेवणार नाही, मग मी तिला काहीतरी गोष्ट सांगेन आणि ती हसेल. आणि जिवंत राहील.

*

रविवारी सकाळी मीही गेले. डब्यात सगळ्यांसाठी दशम्या घेतल्या होत्या. रामशेजच्या पायथ्याशी, आशेवाडीत, आठ मुली रांगेत उभ्या. शालूताईंनी प्रत्येकीच्या सॅकेत मोजून दगड भरायला लावले. दमूची सॅक त्यांनी हातानं चाचपली.

"ही कुणाकडून शिवून घेतलीस गं खैरनार?"

"मीच शिवली ताई."

"खोटं."

"काकूंना विचारा," दमूची मैत्रीण म्हणाली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"तिनंच," मी म्हटलं.

शालूताईंनी मान डोलावली. मग त्या झाडाकडे गेल्या, वर बघितलं आणि परत आल्या. "फांदी वाळलीय. आणि झाडाला टांगून काय कळणार? झाड काही चालत नाही. पाठीवर घ्या, वर जाऊ. माथ्यावर पोचेल ती सॅक पास. चला!"

मी डबा घेऊन पुढे झाले.

"शालूताई," मी म्हटलं, "ऊन फार झालंय. आधी दशम्या खाऊन घ्या की."

"काकू, सकाळचे साडेसात वाजलेत."

मुली हसल्या. दमूनं खाली बसून पट्ट्यांत हात घातले, एक गुडघा टेकला, आणि उठली. पट्टा ताणला गेला. मी डोळे मिटले. पट्टा राहिला. चार टाके, पण माझ्या हातचे ना!

"मी पण येते," मी म्हटलं.

"आई, तुला झेपणार नाही."

"तुझ्या बापाला घेऊन मी एकदा सप्तशृंगी चढलेय. पाठीवर."

"आई!"

मी पदर खोचला आणि तिच्या मागे लागले. माझी नजर तिच्या डाव्या खांद्यावर. पांढरी नवार, पांढरा दोरा. तिच्या प्रत्येक पावलाला तो पट्टा वर ओढला जायचा आणि सैल पडायचा.

"दमे, जरा बस. माझ्या पायात गोळा आलाय."

ती थांबली. "तू इथं सावलीत थांब ना आई. आम्ही येतोच तासाभरात."

"नको. मग सॅक मला दे थोडा वेळ."

"सॅक?" तिनं वळून बघितलं आणि हसली. कपाळावर घाम, गाल लाल. "आई, सॅक देऊन कसं चालेल? परीक्षा आहे माझी."

तेव्हा सांगायचं होतं. तिथं, वाटेतल्या रामाच्या गुहेच्या खाली, बाकीच्या पुढे गेल्या होत्या, आम्ही दोघीच होतो. "दमे, उतरव ती. पट्टा कच्चा आहे. मी केलाय." एवढी तीन वाक्यं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "बरं, हळू चाल."

गुहेच्या वर पायऱ्या लागतात. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला मोकळं. मोकळं अंग डावीकडे होतं.

टक्, असा आवाज आला. लहानसा. शेंग फोडल्यासारखा.

दमूला कळलं नाही. मला कळलं. मी दोन पायऱ्या एकदम चढले. टक्. आणि मग फुर्रकन सगळा दोरा निघाला. पट्टा खांद्यावरून मागे उडाला, सॅक पाठीवरून फिरली, आणि तिच्याबरोबर दमू फिरली, मोकळ्या अंगाला. तिचा एक पाय पायरीवरून सुटला. तिचे हात कातळ शोधायला गेले, पण तो उजवीकडे होता, आणि ओढ डावीकडे.

मी तिची वेणी धरली.

दोन्ही हातांनी धरली आणि खाली बसले, अख्खी बसले, जात्यासारखी. ती किंचाळली. उजव्या पट्ट्यातून तिचा हात निसटला आणि सॅक गेली. दगडांवर आपटत, उलटत, आतले दगड सांडत, खूप खालपर्यंत तिचा आवाज येत राहिला.

आम्ही दोघी पायरीवर बसून होतो. माझ्या मुठीत अजून तिची वेणी.

शालूताई वरून धावत आल्या. त्यांनी आधी दमूचे हातपाय बघितले, डोकं बघितलं. मग एक मुलगी खाली जाऊन सॅक घेऊन आली. शालूताईंनी पट्ट्याचं सुटलेलं टोक हातात घेतलं, मागे-पुढे केलं.

"ही जागा कुणी शिवली?" त्यांनी विचारलं. ओरडून नाही, हळूच.

"मी," दमू म्हणाली.

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता. आणि माझी जीभ, आयुष्यभर हवं ते हव्या त्या वेळी बोलणारी माझी जीभ, ती म्हणाली, "अहो वानर होतं! मी बघितलं ना. हे एवढं मोठं. त्यानंच ओढला पट्टा. मला दात दाखवून गेलं."

दोन-तीन मुली हसल्या. भ्यायल्या होत्या बिचाऱ्या, त्यांना हसायला निमित्तच पाहिजे होतं.

"आई, पुरे," दमू म्हणाली.

शालूताई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "खैरनार, तुझ्याइतकं चांगलं चढणारी माझ्याकडे दुसरी नाही. पण वर दोराला सहा जणी बांधलेल्या असतात. एकीच्या हातचा टाका सुटला की सहा जणी जातात. मी तुला कशी नेऊ, सांग?"

"नका नेऊ ताई," दमू म्हणाली. ती आपल्या हातांकडे बघत होती. "बरोबर आहे तुमचं."

*

दुसऱ्या दिवशी ती सॅक घेऊन जमीलभाईंकडे गेली. मी नको म्हणत होते, तरी मागे गेले.

"चाचा, माझं कुठं चुकलं ते सांगा."

जमीलभाईंनी चष्मा लावला. पट्ट्याचं टोक उजेडात धरलं. भोकं बघितली, भोकांत अडकलेला एक सुती तंतू चिमटीत धरून बाहेर काढला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

मी हात पदराखाली घेतले आणि मान हलवली. नको.

"दोरा," जमीलभाई म्हणाले. "दोरा कुजका निघाला बेटी. होतं असं कधी कधी. तुझ्या हाताचा दोष नाही."

"मग उजवा का नाही सुटला? त्याच रिळाचा होता ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दमूनं सॅक घडी केली, काखेत मारली आणि म्हणाली, "तुम्ही शाबास म्हणालात ना, ते मला खरं वाटलं होतं चाचा." आणि गेली.

"भाभी," तिची पाठ वळल्यावर जमीलभाई म्हणाले, "मी तिच्याशी खोटं बोललो. तुमच्यासाठी. का केलं ते विचारत नाही. पण तुम्ही सांगा तिला. आज सांगा. उद्या शिळं होईल."

मी आज सांगितलं नाही. उद्याही नाही.

मे महिन्यात त्या सहा जणी गेल्या. मी रोज देवापुढे बसायचे. आणि आता खोटं कशाला बोलू? मी काय मागायचे ते मलाच नक्की माहीत नव्हतं. वाईट बातमी आली असती तर मी सुटले असते. दमूला मिठी मारून म्हटलं असतं, बघ, म्हणून केलं. असं मनात यायचं आणि मी दिव्याची वात उगाच पुढे-मागे करत बसायचे. जूनमध्ये सहाच्या सहा परत आल्या. नाकाची सालं निघालेली, हसत, दमूला भेटायला. एकीनं तिच्यासाठी वरचा दगड आणला होता. दमूनं त्यांना चहा केला, सगळं विचारलं, वर काय दिसतं ते पण विचारलं. मग दगड ताकाच्या भांड्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवून दिला. डोंगरावर ती परत गेली नाही.

रडली असती तर बरं झालं असतं. मी गोष्टी सांगायला तयार होते.

पुढे ती शिक्षिका झाली, लग्न झालं, संसार चांगला झाला. कुणी म्हणेल, काय बिघडलं? पण मला दिसायचं. स्कूटर शिकली नाही, "माझ्या हातात नको बाई." हेडबाई करत होते, तर लिहून दिलं की नको, माझ्याकडून काही चुकेल. जावई बटण तुटलं की माझ्याकडे आणायचे. लोणचं घालताना मीठ स्वतः टाकायची नाही, दुसऱ्याला टाकायला लावायची. आणि दर वेळी हसून एकच वाक्य, "माझ्या हातचं टिकत नाही."

*

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी दमूकडेच असते आता. दमूची धाकटी, जुई, उशिरा झालेली, बावीस वर्षांची. तिनं हॉलभर निळं कापड पसरलं होतं. मित्रमैत्रिणींबरोबर कुठं रानात राहायला जायचं म्हणून तंबू शिवत होती, मोबाइलमध्ये बघून बघून. नवी विजेवरची मशीन, आणि टीप मात्र कोकणातल्या रस्त्यासारखी.

"मम्मी, हे टोक धरून एवढी एक टीप मार ना. मला सरळ येतच नाहीये."

"नको गं," दमू म्हणाली. "माझ्या हातची शिवण सुटते. तंबू येईल डोक्यावर."

"कुणी सांगितलं?"

आणि दमूनं तिला सगळं सांगितलं. नवार, चौकट-फुली, रामशेजच्या पायऱ्या. असं सांगितलं की जुई मोबाइल विसरली. शेवटी म्हणाली, "पट्टा माझा सुटला, पण आजीनं वेणी धरली. चार हातांवर दरी होती. आजी तिथं नसती तर मी नसते, आणि तू पण नसतीस."

जुई माझ्याकडे बघायला लागली. डोळे भरून.

ते काही मला सहन झालं नाही.

"दमे," मी म्हटलं, "तो पट्टा मी उसवला होता."

जुईला हसू फुटलं. "आजी, काहीही हं!"

"काहीही नाही. ब्लेडनं उसवला. मंगळवारी. तू प्रॅक्टिकलला होतीस. कच्चा टाका घातला, तुझ्याच भोकांतून."

"आधी वानर होतं," दमू म्हणाली. तिचे ओठ हसत होते. "सदतीस वर्षं त्या वानरावर घातलीस. आता स्वतःवर घेतेस?"

"यांची शपथ घेऊन सांगते."

"बाबांची शपथ तू भाजीवालीला पण घालतेस, आई."

"जमीलभाईंना माहीत होतं. त्यांनी ओळखलं होतं!"

"ते जाऊन अकरा वर्षं झाली."

"अगं, मी तुला मरू देणार नव्हते," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. मला नीट बोलताच येईना. "झाडाला टांगणार होत्या ना. झाडाला. तुझी शिवण पक्की होती गं. तू शिवलेलं सुटलं नव्हतं. माझं सुटलं."

दमू उठली. माझ्याजवळ येऊन बसली, आपल्या ओढणीनं तिनं माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. तिचेही डोळे ओले होते.

"किती गं मनाला लावून घेतलंस माझं," ती म्हणाली. "इतकी वर्षं. मला बरं वाटावं म्हणून कुठल्या कुठं जातेस तू. आजवर सांगितलेल्या सगळ्या थापांत ही सगळ्यात मायेची आहे बघ."

"थाप नाही गं दमे."

"बरं, नाही," ती म्हणाली. तो आवाज मी ओळखला. पाच वर्षांच्या पोरीला मी ज्या आवाजात सांगायचे, तोच. "नाही हं थाप. चल, बीपीची गोळी घेतलीस का?"

जुईनं एका हातानं टोक धरलं आणि मशीन सुरू केली. निळं कापड सरकत सरकत दमूच्या पायाशी आलं. दमू थोडी मागे झाली आणि त्याला आपला हात लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.